उंची कपाटे आणि आईची उंची

पेण आणि रोहा येथील कितीतरी घरांत आज दोनच माणसे राहतात आणि ती दोघेही सत्तरी ओलांडलेली असतात. मुले मुंबई, ठाणे, पनवेल किंवा पुण्यात स्थिरावलेली असतात. गणपतीला आणि मे महिन्यात घर भरते, एरवी शांत असते. अशा घराची डागडुजी काढायचे ठरले की बहुधा पहिला विचार स्वयंपाकघराचा होतो. नव्या, नामांकित कंपनीच्या मॉड्युलर स्वयंपाकघराचा खर्च ऐकून मंडळी थबकतात आणि मग दुसरा मार्ग सुचतो. मुंबईत पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या इमारतींतून, अलिबागकडच्या नव्याने सजवल्या जाणाऱ्या बंगल्यांतून, किंवा शोरूममध्ये नमुना म्हणून मांडलेली उत्तम प्रतीची कपाटे बऱ्याच कमी किमतीत मिळतात. जोगेश्वरीतील ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या लाकडी सामानाचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे.

हा विचार मुळीच वावगा नाही. जुन्या वाड्याचे सागवान नव्या घराला वापरण्याची रीत कोकणात पूर्वापार आहे. चांगले लाकूड आणि चांगली बिजागरी एका पिढीत संपत नाही. परंतु वाड्याचे वासे सुतार नव्या घराच्या मापाने कापून घेत असे. उंची कपाटे मात्र आयती, जुळवलेली येतात आणि ती दुसऱ्या घराच्या, दुसऱ्या माणसांच्या मापाने घडवलेली असतात. म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न ‘केवढ्याला मिळते?’ हा नसून ‘यापुढची दहा-पंधरा वर्षे येथे कोण उभे राहणार?’ हा असावा.

माप कोणाचे?

आज पंचाहत्तरीत असलेल्या आपल्याकडच्या अनेक गृहिणींनी एका आयुष्यात तीन प्रकारची स्वयंपाकघरे पाहिली आहेत. लहानपणी जमिनीवरची चूल आणि वैल, समोर पाट, हाताशी विळी, भिंतीत फडताळ आणि भांड्यांची मांडणी. पुढे गॅस आला, कडप्प्याचा ओटा आला आणि बसून चालणारे काम उभ्याने होऊ लागले. आता तिसरे रूप कपाटांचे.

या कपाटांच्या स्वयंपाकघराचा एक महत्त्वाचा आरंभ जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली झाला. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुरचनाकाराने कामगारवस्त्यांसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. गृहिणीची पावले आणि वेळ मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. धान्य-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण होते आणि बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूलही दिले होते. त्यानंतर जगभर कपाटांची ठरावीक मापे रूढ झाली, आणि माप ठरावीक झाले की ते सरासरी माणसाचे होते. ती सरासरी युरोपातील; पेणच्या आजींची नव्हे.

युरोपीय पद्धतीच्या खालच्या कपाटाचा सांगाडा साधारणपणे ७२ सेंटिमीटर उंच असतो. त्याखाली दहा ते पंधरा सेंटिमीटरचे पाय आणि वर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा दगड धरला की ओट्याची उंची ८५ ते ९१ सेंटिमीटर होते. आता घरातील माप घ्यावे. आईने नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. ओटा त्याहून दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असेल तर खांदे न उचलता काम होते. पोळ्या लाटण्यासाठी आणि कणीक मळण्यासाठी तो आणखी थोडा खाली असलेला बरा. सुमारे १४५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर येते. म्हणजे तिचा सोयीचा ओटा ७५ ते ८० सेंटिमीटरचा. तिच्यासमोर ९० सेंटिमीटरचा ओटा मांडला, त्यावर शेगडी ठेवली आणि शेगडीवर पातेले चढवले की उकळत्या आमटीचा काठ तिच्या छातीच्या पातळीवर येतो. खांदेदुखी हा त्यातला सौम्य त्रास. वाफेने किंवा सांडलेल्या पदार्थाने भाजणे हा गंभीर.

हे माप आजचे असावे. वाढत्या वयात मणक्यांतील चकत्या आणि ठिसूळ झालेले मणके दबून उंची काही सेंटिमीटरने घटते. वीस वर्षांपूर्वी सोयीचा असलेला ओटा आज उंच वाटतो तो यामुळेच.

सुदैवाने बहुतेक मॉड्युलर कपाटांचे पाय फिरवून कमी-जास्त करता येतात किंवा बदलता येतात. आपल्याकडे ओटा बहुधा आधीच बांधलेला असतो. तेव्हा कपाट ओट्याखाली बसवायचे आहे की ओटाच नव्याने करायचा आहे, हे आधी ठरवावे. ओट्याखालच्या कडप्प्याच्या उभ्या फरशांमधील अंतर प्रत्येक ठिकाणी मोजून कागदावर लिहावे. जे कपाट दोन बोटांनी मोठे आहे ते कितीही देखणे असले तरी आपल्या कामाचे नाही.

वरची कपाटे: सर्वांत आकर्षक, सर्वांत धोक्याची

जुना संच विकताना विक्रेते बहुधा वरची आणि खालची कपाटे एकत्र देतात. वृद्धांच्या घरात खरी उपयोगी पडतात ती खालची, आणि त्यांतही खणांची. खण पुढे ओढला की मागची वस्तूही समोर येते. खोल फळीच्या कपाटात मात्र गुडघे टेकून, मान वाकवून हात घालावा लागतो. म्हणून जुन्या संचात दोन-तीन भक्कम खणांची कपाटे असतील तर ती अवश्य घ्यावीत. ती पुढे-मागे ओढून पाहावीत. खण पूर्ण बाहेर येतो का, भार घातल्यावर एका बाजूला झुकतो का, शेवटी हळूच बंद होतो का, हे तपासावे. चांगल्या बिजागरीच्या आतल्या बाजूस कंपनीचे नाव कोरलेले असते. ते टिपून घेतले म्हणजे पुढे सुटे भाग मिळवणे सोपे जाते.

वरच्या कपाटांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. रोजची वस्तू मांडीपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावी, हा साधा नियम. त्याहून वर ठेवलेला डबा काढण्यासाठी वृद्ध माणूस स्टुलावर चढते, आणि स्टुलावरून पडून मोडलेला खुबा पुढे किती परावलंबित्व आणतो हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आगोटीपूर्वीची बेगमी, म्हणजे पेणचे पापड, पोहे, मिरगुंडे यांचे मोठे डबे वर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ही बेगमी लहान डब्यांत विभागून खालच्या खणांत आणावी.

उंची कपाटांत वर उचलली जाणारी दारे असतात. ती वायुदाबाच्या दांड्यांवर तोललेली असतात आणि वापराने त्या दांड्यांचा जोर कमी होतो. असे दार अचानक खाली येऊन डोक्यावर आपटू शकते. शिवाय ते बंद करण्यासाठी हात पुन्हा उंच न्यावा लागतो. दांड्या नव्या बसवणार नसाल तर अशी कपाटे घेऊ नयेत. जुन्या काचेच्या दारांच्या जागी साधे पारदर्शक ॲक्रिलिक बसवावे. वरचे कपाट ज्या भिंतीवर टांगायचे ती भिंतही पाहावी. जुन्या घरांतील चुन्याच्या किंवा माती-विटांच्या भिंतीत खिळा धरला तरी भरलेल्या कपाटाचा भार ती धरीलच असे नाही. गवंड्याचा सल्ला घेतल्यावाचून डोक्यावर वजन टांगू नये.

मुठींकडेही लक्ष द्यावे. संधिवाताने बोटे वळत नसतील तर गोल मुठी आणि बिनमुठीची ‘दाबा नि उघडा’ प्रकारची दारे दोन्ही त्रासदायक. चार बोटे सहज आत जातील अशी कमानी मूठ उत्तम. मुठी बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपकारक बदल आहे.

आपल्या हवेत टिकेल ते लाकूड

रायगडचा पाऊस आणि दमट हवा कपाटाची खरी परीक्षा घेतात. पेणजवळच्या खारेपाटात खाडीचा खारट वाराही असतो. त्यात हलक्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात. मुंबईत वातानुकूलित घरात दहा वर्षे सुस्थितीत राहिलेले कपाट येथे दोन पावसाळ्यांत फुगू शकते. म्हणून वरचा चकचकीत थर पाहून निर्णय घेऊ नये. आत काय आहे ते पाहावे.

बिजागरीसाठी पाडलेल्या भोकात किंवा पाठीमागच्या न झाकलेल्या कडेत विजेरीचा प्रकाश टाकावा. भुशाचे कण दाबून केलेला पार्टिकल बोर्ड दिसला तर सावध व्हावे. पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. शिवाय एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा नीट धरत नाही. जुने कपाट उकलून पुन्हा जुळवायचे असल्याने हा दोष येथे दुप्पट महाग पडतो. एकावर एक पातळ थर दिसले तर ते प्लायवूड. त्यावर भारतीय मानकाचा छाप असेल तर तो वाचावा: आयएस ३०३ हा सर्वसाधारण प्लायवूडचा आणि आयएस ७१० हा पाण्याला अधिक तोंड देणाऱ्या मरीन प्लायवूडचा. बेसिनखालचे कपाट सर्वांत शेवटी पाहू नये, सर्वांत आधी पाहावे. संपूर्ण संचाचा इतिहास तेथे लिहिलेला असतो. तळ फुगलेला, काळवंडलेला किंवा कुबट वासाचा असेल तर ते कपाट सोडून द्यावे. बुरशीचे कण दमा आणि जुनाट खोकला असलेल्यांना बाधतात.

कपाट कोठून आले, हेही स्पष्ट विचारावे. २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०२१ मधील महाडचा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. पुराच्या पाण्यात बुडालेले लाकूड वरून पुसून, रंगवून नवे दिसते. आतील ओल आणि घाण तशीच राहते.

वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या मागच्या बाजूस दिसतात. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके आणि त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारी कीड आत जिवंत असू शकते. बिजागऱ्यांच्या सांध्यांत झुरळांची अंडी लपलेली असतात आणि झुरळांचे अवशेष हे दम्याचे एक परिचित कारण आहे. म्हणून कपाट थेट स्वयंपाकघरात आणू नये. पडवीत किंवा अंगणात सावलीला आठ-पंधरा दिवस दारे उघडी ठेवून वारा द्यावा, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे, आणि कीड असेल तर तेथेच तिचा बंदोबस्त करावा. अन्न ठेवण्याच्या खणांत कीटकनाशक फवारू नये. हे सारे काम फाल्गुन-चैत्रात करावे. आषाढात जुळवलेली दारे दिवाळीत बसत नाहीत.

जुन्या कपाटाचा एक खरा फायदाही आहे. बोर्ड आणि प्लायवूड चिकटवण्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवी कर्करोगाच्या कारणांत गणले. नव्या कपाटातून तो अधिक निघतो आणि काळानुसार कमी होतो. दम्याच्या रुग्णाच्या घरात काही वर्षे वापरलेले, वास न येणारे कपाट या दृष्टीने नव्याहून बरे. मात्र कापल्यावर कडा उघड्या पडतात, त्यांवर पट्टी चिकटवून त्या बंद कराव्यात.

रंगवलेले जुने कपाट असेल तर आणखी एक काळजी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ घरातील सर्वांना, विशेषतः सुट्टीत आलेल्या नातवंडांना अपायकारक ठरू शकते. पृष्ठभाग ओला करून घासावा, आणि त्या वेळी मुले व वृद्ध दूर असावेत.

सिलिंडरची कोंडी करू नये

नीटनेटके दिसावे म्हणून गॅसचा सिलिंडर बंद कपाटात ठेवण्याची हौस वाढली आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला आणि बाजूला, अगदी जमिनीलगत, मोकळी जाळी असलीच पाहिजे. सिलिंडर नेहमी उभा असावा, शेगडी त्याच्याहून उंचावर असावी आणि सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलावी. भरलेला १४.२ किलोचा सिलिंडर त्याच्या लोखंडासह सुमारे तीस किलोंचा होतो. तो ओढून बाहेर काढणे वृद्धांचे काम नव्हे. रेग्युलेटरची कळ न वाकता हाताला येईल अशी जागा असावी. वासाची शक्ती वयानुसार मंदावते, त्यामुळे गळती उशिरा कळते. गॅसगळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराच्या आत चिकटवून ठेवावा.

डोळे आणि स्मरण

साठीतील डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. गडद रंगाची, आरशासारखी चमकणारी कपाटे चित्रात शोभतात. वृद्ध डोळ्याला त्यांची कड आणि ओट्याची कड वेगळी दिसत नाही, आणि दिव्याची तिरीप मात्र त्रास देते. फिकट, मंद चमकीची कपाटे, वेगळ्या रंगाचा ओटा आणि ओट्यावर थेट पडणारा दिवा ही त्रिसूत्री लक्षात ठेवावी.

स्मरणशक्ती उणावलेल्या व्यक्तीच्या घरात तर अधिकच जपावे लागते. तिची बोटे मोहरीचा डबा आठवणीने नव्हे, सवयीने शोधतात. चाळीस वर्षे उजव्या हाताला असलेली मांडणी एका दिवसात नाहीशी झाली आणि तेथे एकसारखी आठ बंद दारे आली, तर ती व्यक्ती आपल्याच घरात परकी होते. चहा करणेही सोडून देते. आपण तिला आराम दिला असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तिचे उरलेले एक स्वातंत्र्य गेलेले असते. शक्यतो शेगडी, पाणी आणि रोजचे डबे आपापल्या जागी राहू द्यावेत. काही दारे काढून फळ्या उघड्या ठेवाव्यात. जुनी मांडणी भक्कम असेल तर तिला नव्या कपाटांशेजारी मानाने जागा द्यावी.

हिशेब आणि संमती

जुन्या संचाची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. कपाटे उकलणे, टेंपोने आणणे, पुन्हा जुळवणे, तुटलेल्या बिजागऱ्या, कडांच्या पट्ट्या, नळ आणि विजेची हलवाहलव हे सारे कागदावर मांडावे. स्थानिक सुताराला बरोबर नेऊन कपाटे दाखवावीत. त्याची एका दिवसाची मजुरी पुढचा मोठा खर्च वाचवू शकते. बेरीज नव्या साध्या प्लायवूडच्या कामाजवळ गेली तर येथील सुताराकडून आईच्या मापाने नवे करून घेणे शहाणपणाचे. अनेक घरांना मधला मार्ग मानवतो: जुन्या संचातील खणांची खालची कपाटे घ्यावीत, वरची तेथेच सोडावीत आणि उरलेले काम गावात करावे.

दूर राहणारी मुले आई-वडिलांना आश्चर्याचा सुखद धक्का द्यावा म्हणून परस्पर खरेदी करतात. भावना सुंदर आहे, रीत मात्र चुकीची. स्वयंपाकघर ही एक खोली असली तरी जिने ते आयुष्यभर सांभाळले तिच्यासाठी ती तिच्या कर्तेपणाची जागा असते. तिला विचारावे, आणि ती ‘तुम्हाला आवडेल ते करा’ असे म्हणाली तरी पुन्हा विचारावे.

विचारण्याचा एक सोपा उपाय आहे. नव्या ओट्याची उंची, वरच्या कपाटाचा तळ आणि त्याची सर्वांत वरची फळी अशा तीन रेषा खडूने भिंतीवर काढाव्यात आणि त्या आठवडाभर तशाच राहू द्याव्यात. आईने रोजचे काम करताना त्या रेषांपर्यंत हात नेऊन पाहावा. जी रेषा तिला पाय उंचावल्याशिवाय गाठता येत नाही, तेथील कपाट घेऊ नये, मग ते फुकट मिळत असले तरी.